वडीलधाऱ्यांना घरात कसे थांबवावे?

गवतीचहा (पुणे), ३१ मार्च २०२०

आमच्या घरात आम्ही पाच जण आहोत: सासरे, सासूबाई, माझा नवरा, मी आणि दहावीच्या एका पेपरावर अडकून पडलेली मुलगी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल एवढी जागा आहे. एरवी ती पुरत असे, कारण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात घरात दोनच माणसे असत. आता कोरोनाच्या साथीमुळे पाचही जण चोवीस तास घरात आहेत. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचे ऑफिस मांडलेले असते आणि कामाला येणाऱ्या मावशी २३ तारखेपासून येऊ शकत नाहीत, त्यामुळे भांडी, केर आणि फरशी ही तीन कामे आमच्यात वाटलेली आहेत. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा प्रश्न सासऱ्यांबद्दल आहे.

आप्पा ७६ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, गोळ्या वेळेवर घेतात. गेली अठरा वर्षे ते पहाटे साडेपाचला उठून एआरएआयच्या टेकडीवर जातात. तिथे त्यांचा सहा-सात जणांचा गट आहे. उतरताना चौकात उभ्यानेच चहा होतो, आणि मग दूध, पेपर व पूजेची फुले घेऊन ते आठ वाजता घरी येतात. आमच्या घराचा दिवस त्यांच्या या फेरीने सुरू होत असे. आता टेकडी बंद आहे, पेपर येत नाही, फुलवाली बसत नाही. उरले आहे ते फक्त दूध, आणि त्या एका दुधाच्या पिशवीसाठी ते पाऊण तास बाहेर राहतात. तोंडाला रुमाल बांधतात खरे, पण चौकात कोणी ओळखीचे भेटले की तो हनुवटीवर उतरतो. हे मी गॅलरीतून स्वतः पाहिले आहे.

पहिली ठिणगी पाडव्याला पडली. आदल्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या लॉकडाऊनची घोषणा झाली होती, आणि सकाळी गुढीला ना कडुनिंब होता, ना आंब्याचा डहाळा, ना साखरेची गाठी. आम्ही उठण्यापूर्वीच आप्पा कडुनिंब आणायला बाहेर पडले. चौकातल्या हवालदाराने अक्षरशः हात जोडून त्यांना परत पाठवले, पण तोवर त्यांनी कुठल्याशा कुंपणावरून एक डहाळी तोडलेली होती. ती गुढीला बांधताना त्यांचा चेहरा जितका प्रसन्न होता, तितकाच माझ्या नवऱ्याचा रागावलेला होता. सणाचा दिवस म्हणून तो काही बोलला नाही.

शुक्रवारी मात्र तो बोलला, आणि बोलून थांबला नाही. त्याने आप्पांच्या चपला माळ्यावर टाकल्या आणि दाराला आतून कुलूप घातले. सकाळी सहा वाजता आप्पा दाराशी उभे राहिले, कुलपाकडे पाहिले आणि मागे फिरून आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी दुपारपर्यंत ते जेवले नाहीत. आज चार दिवस झाले, ते मुलाशी एक शब्दही बोललेले नाहीत. काही सांगायचे असले तर सासूबाईंना सांगतात, “त्याला सांग.” आणि तो चार हातांवरच बसलेला असतो.

त्यांचे म्हणणे असे आहे, की त्यांनी पानशेतचा पूर पाहिला आहे आणि त्यांच्या आजोबांनी प्लेग पाहिला होता. प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. “त्या वेळी मोकळ्या हवेत जायला सांगत होते, आणि तुम्ही मला कोंडून ठेवता,” असे ते सासूबाईंना म्हणाले. याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. नवऱ्याची काळजी मला समजते, पण त्याची पद्धत मला पटलेली नाही. वडीलधाऱ्या माणसाचा मान न दुखावता त्याला घरात थांबवता येते का? ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

---

डोंबिवलीकर, १ एप्रिल २०२०

ताई, आधी स्पष्टच लिहितो. तुमच्या यजमानांनी केले ते चूक असले, तरी त्यामागची भीती खोटी नाही. माझी पत्नी मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. लोकल बंद झाल्यापासून ती अत्यावश्यक सेवेच्या बसने जाते-येते. पूर्वी जो प्रवास सव्वा तासाचा होता, तो आता कधी अडीच तासांचा, कधी तीन तासांचा होतो. ती घरी येते तेव्हा दाराबाहेर डिटर्जंटच्या पाण्याने भरलेली बादली ठेवलेली असते, दार मी आधीच उघडून ठेवतो, म्हणजे तिला कडीला हात लावावा लागत नाही, आणि ती सरळ न्हाणीघरात जाते. बाहेरच्या खोलीत तिचे अंथरूण, ताट, तांब्या वेगळे आहे. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. मधल्या दाराला काच आहे, तिच्यापलीकडून तो आईला आपली चित्रे दाखवतो. पहिले दोन दिवस तो रडला. आता त्याला तो खेळ वाटतो, आणि त्याला तो खेळ वाटू लागला याचेच आम्हा दोघांना अधिक वाईट वाटते.

असो. माझे वडीलही सत्तरीचे आहेत आणि त्यांनाही बाजारात गेल्याशिवाय करमत नाही. भाजी हाताने निवडून घेतली नाही तर ती भाजीच नव्हे, असे त्यांचे मत आहे. मी दोनदा समजावले आणि एकदा ओरडलो. ओरडल्यावर ते अधिकच हट्टाला पेटले. मग पत्नीने एक गोष्ट केली. वॉर्डात आत जाताना कोणता क्रम पाळायचा, हात कधी आणि कसे धुवायचे, कशाला स्पर्श करायचा नाही, हे सगळे तिने त्यांना काचेपलीकडून नीट सांगितले. रागावून सांगितले नाही. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला सांगावे तसे सांगितले. त्यांनी वही घेतली, लिहून काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सुवाच्य अक्षरात अकरा नियम होते. त्यातला चौथा असा होता, की घराबाहेर आठवड्यातून एकदाच आणि एकाच माणसाने जावे, व तो माणूस चाळिशीच्या आतला असावा. घरात चाळिशीच्या आतला मी एकटाच आहे.

नियम आपण केला म्हणजे तो मोडणे जिवावर येते. तुमच्या आप्पांनी सरकारी खात्यात आयुष्यभर परिपत्रके काढली असतील. घरात एखादे काढू द्या.

---

पारावरचा म्हातारा (सातारा जिल्हा), १ एप्रिल २०२०

गवतीचहाताई, मी तुमच्या सासऱ्यांच्याच पिढीतला, ७२ वर्षांचा, निवृत्त शिक्षक आहे. त्यामुळे इथे त्यांच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हवा, तो मी आहे असे समजा.

तुमच्या पत्रातली चपलांची गोष्ट मी दोनदा वाचली. माझ्या चपला कोणी लपवलेल्या नाहीत, पण माझ्या सुनेने गेल्या आठवड्यात माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. अतिशय प्रेमाने काढून घेतली, आणि तरीही मला माझ्या वडिलांची आठवण झाली. त्यांच्या शेवटच्या वर्षात आम्ही त्यांच्या हातातून सायकल अशीच काढून घेतली होती. तुम्ही तरुण माणसे असे धरून चालता, की आम्हाला रोग कळत नाही म्हणून आम्ही बाहेर पडतो. आम्हाला तो कळतो. कोणालाही फोन लावला की आधी ती खोकल्याची उबळ ऐकू येते, मग सूचना, मग घंटी. दिवसातून दहा वेळा ऐकतो. दूरचित्रवाणीवर आकडे असतात. शनिवारपासून सकाळी नऊला आणि रात्री नऊला रामायण लागते, तेवढा वेळ घर शांत असते; रामायण संपले की पुन्हा आकडे. कळत नाही असे कसे होईल?

मग आम्ही बाहेर का जातो? माझ्यापुरते सांगतो. मी पाचला उठतो. पूर्वी पाच ते आठ हा वेळ माझा होता आणि आठनंतरचा घराचा होता. आता पाचला उठून मी अंथरुणात बसून राहतो, कारण स्वयंपाकघरात खुडबुड केली तर मुलगा जागा होतो. तो बिचारा रात्री एकपर्यंत संगणकावर असतो. आठला घर उठते, आणि उठल्यावर प्रत्येकाला काही ना काही काम असते. नातवाचा मोबाइलवर वर्ग असतो, सुनेचे स्वयंपाकघर असते, पत्नीचे देव असतात. मला सगळे म्हणतात, “तुम्ही आराम करा.” आराम हे काम नव्हे. दूध आणणे हे काम होते. ते अर्ध्या लिटरचे असले तरी त्याच्यावर घराचा चहा अवलंबून होता.

आता माझाही एक गुन्हा कबूल करतो. परवा रक्तदाबाची गोळी आणायची असे सांगून मी बाहेर पडलो. गोळी घरात होती. मला तपकीर हवी होती. तीन दुकाने हिंडलो, तिन्ही बंद होती, आणि चौथ्या ठिकाणी पोलिसाची गाडी उभी दिसली म्हणून मान खाली घालून परत आलो. येताना मला वाटले, की बहात्तर वर्षांच्या माणसाने शाळा चुकवणाऱ्या पोरासारखे भिंतीच्या कडेकडेने चालावे, हे काही बरे नव्हे. म्हणजे आमचे सगळेच बरोबर आहे असे माझे म्हणणे नाही. हट्टीपणाही आहे, खोटेपणाही आहे.

तुम्ही उपाय विचारला आहे म्हणून सुचवतो. दूध आप्पांकडेच राहू द्या, पण वेळ आणि अंतर ठरवून घ्या: फाटकापर्यंत, दहा मिनिटे, तोंड झाकून. ही अट मुलाने घालू नये. डोंबिवलीकर म्हणतात त्याप्रमाणे आप्पांनाच ठरवू द्यावी. दुसरे, पानशेतची गोष्ट ते वादात वापरतात, तेव्हा त्यांना अडवू नका. उलट ती सविस्तर विचारा. १९६१ च्या जुलैत ते सतरा वर्षांचे असतील. त्या वयाच्या मुलाने १२ जुलैला नेमके काय पाहिले, हे तुमच्या घरात कोणी त्यांना कधी सगळे विचारले आहे का? माझा अंदाज असा, की विचारले नसेल.

आणि चपला आधी खाली काढा. बाकीचे नंतर.

---

नाडीपरीक्षा (नाशिक), ४ एप्रिल २०२०

मी फॅमिली डॉक्टर आहे. वर भावनेचा भाग चांगला मांडला गेला आहे, त्यात मी भर घालत नाही. काही व्यवहाराच्या गोष्टी मात्र लिहितो, कारण त्यांत घरोघरी गैरसमज दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे आप्पांच्या गोळ्या. एक महिना पुरतील इतक्या घरात असू द्या, आणि “सध्या डॉक्टरकडे जाता येत नाही” म्हणून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. केंद्र सरकारने २५ मार्चला दूरध्वनीवरून व व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले आहेत, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून औषधाची चिठ्ठी मोबाइलवर मागवता येते. चालणे सुटले आहे, तेव्हा साखरेकडे लक्ष हवे. घरातल्या घरात, गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारल्या तरी चालतील. टेकडीची सर त्याला येणार नाही, पण पाय मोकळे राहतील.

दुसरी गोष्ट तोंड झाकण्याची. आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेले कापडी मास्क वापरण्याविषयी आता सूचना दिल्या आहेत. स्वच्छ सुती कापडाचे पदर एकावर एक घेऊन शिवलेला आणि नाकापासून हनुवटीपर्यंत नीट बसणारा मास्क असेल, तर तो रुमालासारखा घसरत नाही. बाहेरून आल्यावर तो दोरीला धरून काढावा, साबणाने धुवावा आणि उन्हात वाळवावा. रोग पसरतो तो मुख्यतः जवळून बोलताना, खोकताना उडणाऱ्या तुषारांतून. म्हणून दुधाच्या पिशवीपेक्षा चौकातला गप्पांचा फड अधिक धोक्याचा आहे, हे आप्पांना सांगायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट भाज्यांची. माझ्याकडे या आठवड्यात एका घरातल्या तिघांच्या पोटदुखीचा फोन आला, आणि चौकशी केल्यावर कळले की कोथिंबीर भांड्याच्या साबणाने धुतली जात होती. फळे-भाज्या साबणाने धुवायच्या नसतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे पुरेसे आहे. हात मात्र साबणाने वीस सेकंद धुवावेत.

आणि उद्या, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता घरोघरी दिवे लावले जाणार आहेत, म्हणून एक इशारा: हाताला सॅनिटायझर लावून लगेच काडी पेटवू नका. त्यात अल्कोहोल असते. हात साबणाने धुऊन, पुसून मगच निरांजनाला हात लावा.

---

सांगलीची लेक (लंडन), ६ एप्रिल २०२०

हा धागा मी तीन दिवस नुसती वाचते आहे. गवतीचहा, तुझ्या घरातल्या भांडणाचा मला थोडा हेवा वाटला, हे लिहायला संकोच वाटतो, पण तसे झाले खरे. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि सांगलीत एकटी राहते. सांगली जिल्ह्यातल्याच इस्लामपुरात रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी रात्रभर जागी होते. विमाने बंद आहेत. तिच्या चपला लपवायच्या म्हटले तरी इथून हात पोहोचत नाही.

इथे २३ मार्चपासून टाळेबंदी आहे. दुकानांनी सकाळचा पहिला तास म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवला आहे, दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवतात. व्यायामासाठी दिवसातून एकदा बाहेर पडायला परवानगी आहे, आणि मी त्या वेळेत चालत चालत आईला फोन करते. पूर्वी आठवड्यातून दोनदा होत असे, आता रोज सकाळी सातला. २९ मार्चला इथली घड्याळे एक तास पुढे गेली, हे मी तिला सांगायला विसरले. त्या दिवशी माझा फोन तिच्याकडे साडेबाराऐवजी साडेअकराला गेला, तेव्हा तिची पूजा चालू होती. एक तास आधी फोन आला म्हणजे काहीतरी वाईट घडले, अशी तिची खात्री झाली आणि तिने थरथरत्या आवाजात “काय झालं?” असे विचारले. काही झाले नव्हते. आम्ही दोघी बराच वेळ हसलो आणि मग दोघीही रडलो.

मी तिला बाहेर जाऊ नकोस असे सांगत नाही. रोज विचारते, “आज बाहेर काय काय दिसलं?” ती गॅलरीतून पाहून सांगते: आज गवळी आला, आज समोरच्यांनी कुरडया घातल्या, आज रस्त्यावर दिवसभरात अकरा माणसे दिसली. ती आता मोजते. मला नेमका आकडा सांगायचा म्हणून ती दिवसभर गॅलरीत बसते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळले. तुझ्या आप्पांना हे चालेल असे नाही, माझ्या आईला चालले.

---

गवतीचहा (पुणे), १६ एप्रिल २०२०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचे कारण असे, की सांगण्यासारखे काही घडेपर्यंत लिहू नये असे वाटत होते.

‘पारावरचा म्हातारा’ यांचे उत्तर मी नवऱ्याला वाचायला दिले. तो काही बोलला नाही. रात्री सगळे झोपल्यावर त्याने स्टूल घेतले आणि माळ्यावरून चपला काढून जागेवर ठेवल्या. सकाळी आप्पांनी त्या पाहिल्या, पण घातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही घातल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याचा शिवलेला मास्क त्यांच्यापुढे ठेवला आणि “दूध कोण आणणार आहे?” असे विचारले, तेव्हा ते उठले. नवरा गॅलरीत उभा होता. आप्पा फाटकापाशी दहा मिनिटे थांबले, दूध घेतले आणि परत आले. त्यांनी एकदाही मान वर करून पाहिले नाही, पण मुलगा वर उभा आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, असे मला त्यांच्या चालण्यावरून वाटले.

नियम त्यांनी केले. त्याहून मोठे काम मात्र सोसायटीमुळे त्यांच्याकडे आले. गुलटेकडीचे मार्केट यार्ड १० तारखेपासून बंद झाले, तेव्हा आमच्या सोसायटीने जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याकडून थेट टेम्पो मागवायचे ठरवले. अठ्ठावीस घरे, प्रत्येकाची यादी वेगळी, आणि टेम्पोतला माल ठरलेला. पहिल्या वेळी फाटकापाशी जी झुंबड उडाली, तिच्यापुढे मंडई शांत म्हणायची. आप्पांनी गॅलरीतून ते पाहिले आणि त्याच संध्याकाळी सचिवांना इंटरकॉमवर सांगितले, की हे काम पाळीपत्रकाने करावे लागते. कालव्याचे पाणी सोडताना कोणत्या शेतकऱ्याची पाळी केव्हा, हे ज्या कागदावर लिहितात ते पाळीपत्रक. त्यांनी चाळीस वर्षे तेच केले होते. त्यांच्या खात्यात ‘टेल टू हेड’ असा एक दंडक असे: कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याला पाणी आधी द्यायचे, कारण मुखाशी बसलेला आपले घेतोच, आणि टोकापर्यंत पोहोचता पोहोचता पाणी आटते. म्हणून आता भाजी वाटताना फाटकाजवळच्या इमारतीची पाळी शेवटी असते आणि मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींची पहिली. फाटकाजवळच्या इमारतीतल्या काहींनी कुरकुर केली. आप्पांनी त्यांना इंटरकॉमवर जे ऐकवले, ते मी इथे लिहीत नाही. ते रोज सकाळी दहा ते बारा इंटरकॉमपाशी खुर्ची टाकून बसतात, अठ्ठावीस घरांच्या याद्या घेतात आणि त्या फुलस्केप कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून मांडतात. त्या वेळेत आम्ही कोणी त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नाही.

सगळेच सुरळीत झाले असे समजू नका. ९ तारखेला ते दुधाला गेले आणि पंचवीस मिनिटांनी आले. “गाडी उशिरा आली,” म्हणाले. गाडी वेळेवर आली होती, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. चौकात त्यांच्या टेकडीच्या गटातले दोघे रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे होते, आप्पा अलीकडे, आणि तिघे मोठमोठ्याने बोलत होते. तिघांच्याही तोंडावरचे मास्क जागेवर होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी सासूबाईंकडे पाहिले, आणि सासूबाई चहा गाळत राहिल्या.

पानशेतचे लिहायचे राहिले. मुलीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो आधी पुढे ढकलला आणि १२ एप्रिलला रद्दच झाला. एका अर्थी तिची सुटका झाली, पण भारत आणि ब्राझील यांची तुलना तोंडपाठ करून ठेवलेली मुलगी दिवसभर चिडचिड करत होती. संध्याकाळी तिने आजोबांना विचारले, की पुस्तकात ॲमेझॉनचे खोरे आहे, तर आपल्या नदीचे खोरे कसे दिसते? आप्पांनी भाजीच्या यादीची पाठकोरी बाजू घेतली आणि मुठा काढली, मग खडकवासला, त्याच्यावर पानशेत, बाजूला वरसगाव आणि टेमघर. पानशेतवर त्यांनी पेन्सिल थांबवली आणि सांगायला सुरुवात केली.

आम्ही लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ‘पानशेतचा पूर’ एवढेच शब्द ऐकले होते. ते त्या वेळी नारायण पेठेत राहत होते. पाणी येते आहे ही ओरड झाली तेव्हा त्यांच्या आईने तांदळाचा डबा आणि देव घेतले आणि सगळे उंचावर गेले. त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ मात्र कागदांची पेटी आणायला अर्ध्या वाटेतून परत फिरले. पाणी दिसत होते, लोक हाका मारत होते, तरी ते परत गेले. ते वाचले, पण एका कौलारू छपरावर संध्याकाळपर्यंत अडकून राहिले, आणि सतरा वर्षांचे आप्पा उंचावरून दिवसभर त्यांच्याकडे पाहत होते. “पेटी मिळाली का?” असे मुलीने विचारले. “नाही,” आप्पा म्हणाले. नंतर त्यांनी टेमघरचे नाव खोडून पुन्हा नीट लिहिले, कारण पहिल्यांदा अक्षर वाकडे आले होते. त्या दिवसानंतर वादात त्यांनी पानशेतचे नाव काढलेले नाही.

माझा नवरा हे सगळे लॅपटॉपपुढे बसून ऐकत होता. कानात हेडफोन होते, पण त्यांची वायर टेबलावर सुटी पडलेली होती. बाप-लेक अजून फारसे बोलत नाहीत. मात्र काल आप्पांनी “त्याला सांग” न म्हणता थेट विचारले, की फुलस्केप कागद संपत आले आहेत, ते ऑनलाइन मिळतात का. सध्या मिळत नाहीत. त्याने आपल्या ऑफिसच्या जुन्या छापील कागदांचा गठ्ठा काढून दिला, आणि आता आमच्या सोसायटीची भाजी एका संगणक कंपनीच्या ताळेबंदाच्या पाठीमागे लिहिली जाते.

टाळेबंदी आता ३ मेपर्यंत वाढली आहे. त्यानंतर टेकडी उघडली तर काय करायचे, हा प्रश्न मी तेव्हा पुन्हा इथेच विचारीन.

---

पारावरचा म्हातारा (सातारा जिल्हा), १६ एप्रिल २०२०

आप्पांना माझा नमस्कार सांगा. टेल टू हेड आमच्या गावच्या कालव्यावरही कागदोपत्री होते. प्रत्यक्षात मुखाशी पाटलांचे शेत होते, त्यामुळे आम्ही ते कधी पाहिले नाही. आणि त्या टेम्पोवाल्याकडे तपकीर मिळते का, एवढे मात्र त्यांना खाजगीत विचारून कळवा.